जुन्या मोटारीचे अडखळणारे इंजिन



मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर चारोटीचा नाका लागतो. येथून एक फाटा डहाणूकडे जातो आणि दुसरा कासा व पुढे जव्हारकडे. नाक्यावर मालमोटारींची रांग लागली, किंवा चैत्री पौर्णिमेला महालक्ष्मीच्या यात्रेची गर्दी झाली, की गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. जुन्या मोटारीची खरी परीक्षा येथेच होते. मोकळ्या रस्त्याने बिनतक्रार आलेली गाडी थांबताच थरथरू लागते, अडखळते आणि बंद पडते. रात्री-अपरात्री एखाद्या पाड्यावरून आजारी माणसाला कासा येथील उपजिल्हा रुग्णालयाकडे नेताना असे झाले, तर ती नुसती गैरसोय राहत नाही.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? कार्बोरेटरचा स्क्रू पिळतात आणि इंजिनाचा वेग वाढवून घेतात. गाडी चालू राहते, पण दुखणे तसेच राहते. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर झटकण्यासारखेच हे झाले. पेट्रोल जास्त जळते, आणि मूळ दोष झाकला जातो तो वेगळाच. म्हणून आज एवढेच सांगायचे आहे, की स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा. आधी ठिणगी, मग हवा, मग पेट्रोल, हा क्रम धरावा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.

उदाहरणासाठी आपल्या ओळखीची गाडी घेऊ. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. मुंबईच्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. पण हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी अजूनही दिसतात. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे. शिक्षक बंधुभगिनींना यात एक सोपे गणित सापडेल. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा ठिणगी पडते. चारांपैकी एक सिलिंडर काम करीनासा झाला, की मिनिटाला ४०० धक्के चुकतात. मग गाडी थरथरेल नाही तर काय करील?

पण हा दोष थांबलेल्या गाडीतच अधिक का जाणवतो? पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की हवेची झडप जवळजवळ मिटते. इंजिन अगदी थोड्या हवेवर आणि बारीक जेटमधून येणाऱ्या थोड्या पेट्रोलवर जगत असते. जेमतेम मिळकतीच्या घरात रुपयाची गळतीही लगेच कळते, तसे हे आहे.

तपासणी उघड्यावर करावी. बंद पडवीत इंजिन चालवू नये. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. पदर, उपरणे, सैल बाही पंख्यापासून दूर असू द्यावी.

प्रथम कान द्या. ठरावीक ठेक्यात एक ठोका चुकत असेल, तर बहुधा एकाच सिलिंडरचा दोष असतो. वेग आपोआप वरखाली होत असेल, तर हवा किंवा पेट्रोलचा संशय घ्यावा.

आता ठिणगी. इंजिन बंद करून एका प्लगची तार काढा, तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवून पक्के ठेवा आणि इंजिन चालू करा. गाडी आणखी लंगडली, तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही, तर आजारी तोच. दर खेपेस इंजिन बंद करूनच तार काढा-घाला. चालू इंजिनाच्या तारेचा झटका जबर बसतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीवर मात्र हा प्रयोग करू नये.

आजारी सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये बदलून पाहा. दोष प्लगबरोबर सरकला, तर प्लग बदला. जागीच राहिला, तर तार, डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि टॅपेट पाहा. चारही सिलिंडर अडखळत असतील, तर पॉइंट खडबडीत झाले आहेत का आणि त्यांतील फट गाडीच्या पुस्तकात दिली आहे तेवढी आहे का, ते फिलर गेजने मोजा. प्लगचे टोक तांबूस व कोरडे असेल तर ठीक. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, तेलकट असेल तर तेल वर चढते आहे. आपल्या किनारपट्टीच्या पावसाळ्यात टोपीत दमट धरते. कोरड्या फडक्याने पुसल्यावर पुष्कळदा काम भागते. अंधारात तारांवर निळसर चमक खेळताना दिसली, तर तारा जुन्या झाल्या असे समजावे.

ठिणगी ठीक असेल तर हवा. कार्बोरेटरखालचे पॅकिंग, मॅनिफोल्डचे नट आणि रबरी नळ्या पाहा. संशयाच्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब टाका. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला, तर हवा तेथूनच आत शिरते आहे. पाण्याऐवजी पेट्रोल वापरण्याचे धाडस मुळीच करू नका, आग लागेल. तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पाणीही पडू देऊ नका.

मग पेट्रोल. २०२५ साली देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल पाणी ओढून घेते, टाकीतला जुना मळ सुटा करते आणि जुन्या प्रकारचे रबर खराब करते. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीचा फिल्टर, फ्लोटची वाटी आणि नळ्या अधूनमधून पाहाव्यात. बारीक जेट हवेने फुंकून साफ करावा. त्यात तार खुपसू नये; भोक मोठे झाले, की जेट निकामी.

एवढे झाल्यावर स्क्रू. इंजिन गरम असावे, चोक बंद असावा. स्क्रू किती फिरवला ते खडूने लिहून ठेवा. इंजिन सर्वांत गुळगुळीत चालेल तेथे तो थांबवा, आणि मग वेग बेताचा करा. स्क्रू आत घट्ट पिळू नका. त्याचे अणकुचीदार टोक दबते.

इतके करूनही एक सिलिंडर मुका राहिला, तर झडप किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. तेथे जाणत्या मेकॅनिकचेच काम. पण त्याच्याकडे जाताना ‘गाडी नीट चालत नाही’ एवढेच न सांगता, ‘तिसरा सिलिंडर मारत नाही, प्लग आणि तार बदलून पाहिली’ असे सांगा. त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसे. शाळेत विज्ञान शिकवताना आपण मुलांना हेच सांगतो: एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, आणि काय होते ते पाहा. नाक्यावर अडखळणाऱ्या मोटारीलाही तोच नियम लागू आहे.