सल्ला देणारा शिकलेला हवा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आपल्या शहापूर-मुरबाड भागात एखादे मूल अपंग असले की आईबाप म्हणतात, "आम्ही आहोत तोवर बघू." पण आमच्यामागे काय, हा प्रश्न त्यांना रात्री झोपू देत नाही.

समजा, मुरबाडच्या एका मुलाचा पाय अधू आहे. दहावी झाली आहे. कोणीही सांगेल, "याला एखादी टपरी टाकून द्या." सल्ला चांगल्या मनाचा; पण मुलाला यंत्रांची आवड आहे, हे कोणी विचारलेच नाही! शिकलेला पुनर्वसन समुपदेशक आधी मुलाला काय येते ते तपासतो. मग काम तपासतो : बसून होते की उभ्याने, हाताचे की नजरेचे? कारखानदाराला भेटून उंच स्टुलाची सोय मागतो आणि नोकरी लागल्यावरही काही महिने चौकशी ठेवतो. नोकरी लागणे आणि टिकणे यांतले अंतर इथेच भरून निघते.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याविषयी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले. या विषयाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या समुपदेशकांकडे गेलेल्या तीव्र अपंग व्यक्तींना अधिक यश मिळाले होते.

आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने पुनर्वसनाचे काम करणाऱ्यांना शिक्षण व नोंदणी आवश्यक केली. म्हणून सल्ला घेताना नोंदणी आहे का, हे विचारण्यास संकोचू नका. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के व उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखल्या आहेत. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. पालकहो, दाखला काढण्यास उशीर करू नका.

मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. वांद्र्याला श्रवणदोषासाठी १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग संस्था आहे. पण मुरबाडहून एस.टी.ने कल्याण, शहापूरहून आसनगाव आणि पुढे लोकल, यात बापाची दिवसाची मजुरी बुडते. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी दोघे-चौघे हे शिक्षण घेऊन इथेच परतले, तर ती मजुरी वाचेल आणि एका घराची काळजीही मिटेल.

खैरात एक दिवस पुरते. हुन्नर जन्मभर साथ देते.