डोंगराचे पैसे



मी गोदीतला हमाल. दिवसभर पाठीवर दुसऱ्याचा माल, संध्याकाळी हातात मजुरी. पैसा नाकारणं म्हणजे काय, हे पोटाला विचारून मगच बोलतोय.

अमेरिकेत लाकोटा आणि डकोटा म्हणून लोक आहेत. गोरे त्यांना 'सू' म्हणत आले. ते नाव शेजारच्या टोळीचं, फ्रेंचांनी मोडूनतोडून पसरवलेलं. त्यांच्या भाषेतल्या नावाचा अर्थ दोस्त, सोबती. दुसऱ्यानं चिकटवलेलं नाव कसं बोचतं, ते तुम्हांला मी काय सांगू?

साउथ डकोटातले ब्लॅक हिल्स हे त्यांचे 'पाहा सापा'. देऊळ वेगळं नाही, डोंगरच पवित्र. १८६८ च्या तहात सरकारनं लिहून दिलं, हा मुलूख तुमचा. १८७४ साली लष्कराला तिथं सोनं सापडलं आणि तहाची रद्दी झाली. १८७६ साली अमेरिकेच्या संसदेनं कायदाच केला : डोंगर सोडा, नाहीतर शिधा बंद! तहाप्रमाणं चारातल्या तीन पुरुषांच्या सह्या हव्या होत्या. मिळाल्या जेमतेम दहातल्या एकाच्या. तरी १८७७ साली डोंगर गिळलाच.

पुढं त्याच डोंगरात चार राष्ट्राध्यक्षांची तोंडं कोरली. त्यात लिंकन आहे. गुलामांना मुक्त करणारा, आपण मानतो तो. पण १८६२ साली मिनेसोटात उपाशी डकोटा उठले, तेव्हा लष्करानं ३०३ जणांना फाशी सुनावली. लिंकननं बहुतेकांची टाळली, आणि ३८ जणांची मंजूर केली. त्यांना एकाच दिवशी, एकाच वेळी लटकवलं. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

१९८० साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला : डोंगराची भरपाई द्या, व्याजासकट दहा कोटी डॉलरच्या वर. लोक म्हणाले, पैसा नको, डोंगर द्या. ती रक्कम वाढत वाढत शंभर कोटी डॉलरच्या पुढं गेलीय, सरकारी खात्यात पडून आहे. आणि त्यांच्या पाइन रिजची गणती अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब मुलखांत होते.

मी असतो तर? खोटं कशाला बोलू, पोरं उपाशी असती तर हात पुढं झाला असता. त्यांचीही पोरं उपाशी होती. पण त्यांना एक कळलं होतं : पैसे घेतले की चोरीची विक्री होते. चोर मग चोर राहत नाही, गिऱ्हाईक होतो.

२०१२ साली त्याच डोंगरातलं पे स्ला हे पवित्र माळरान विक्रीला निघालं. काही जमातींनी स्वतःचा पैसा जमवून ते घेतलं. आपलीच जमीन, विकत! भरपाईच्या पैशाला मात्र शिवले नाहीत.

उद्या सकाळी मी पुन्हा गोणी उचलीन. पाठ भाड्यानं दिलीय, दोस्तांनो. काय विकायचं नाही, ते प्रत्येकानं आजच ठरवून ठेवा.