आयसीयूच्या दाराबाहेर
(रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात आपल्या एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



अध्यक्षसाहेब म्हणाले, सिस्टर, आरोग्यावर दहा मिनिटं बोला. बीपी-शुगरचं तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर रोजच वाचता, म्हणून मी दुसरा विषय घेते. माझी बहुतेक नोकरी आयसीयूत गेली. आतल्या पेशंटजवळ आम्ही होतो, डॉक्टर होते. बाहेर बाकड्यावर जे बसलेले असायचे, त्यांच्याकडे बघणारं कुणी नसायचं.

वाशीमला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आनंदच आहे. तरी पेशंट सिरीयस झाला की अजूनही ‘अकोल्याला न्या’, ‘नागपूरला न्या’ हेच कानावर येतं. पोरं नोकरीला पुण्याला. सोबत कोण, तर सत्तरीची बायको, हातात फाइल अन् चादरीची पिशवी.

आणि आपण काय करतो? फोन! “कसं आहे हो आता?” दिवसाला तीस-चाळीस जणांना तेच सांगून ती माउली थकून जाते. घरातल्या एकानंच डॉक्टरांशी बोलावं, ते वहीत लिहून ठेवावं, आणि संध्याकाळी ग्रुपवर चार ओळी टाकाव्या. भेटायला गाडी भरून जाऊ नका, आत तसंही एकालाच सोडतात. एकानंच जा, पण रात्रभर थांबा, म्हणजे तिला चार तास आडवं होता येईल. “काही लागलं तर सांगा” याला काही अर्थ नाही, कुणी सांगत नसतं. “उद्याचा डबा मी आणतो”, “घराची किल्ली द्या, नळ आले की पाणी भरून ठेवते” असं बोला. गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातले. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटा हॉस्पिटलच्या पेशंटला आणि नातेवाइकांना आसरा देते.

पैशाचं थोडक्यात सांगते. रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी सोबत न्या. दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचारा, असेल तर आरोग्यमित्राला भेटा.

आता आतलं. घशात व्हेंटिलेटरची नळी असली की बोलता येत नाही, म्हणून पेशंट रुसला असं समजू नका. त्याला ऐकू येत असू शकतं. हात धुऊन जवळ जा, नाव घ्या, आज वार कोणता, सकाळ आहे की रात्र, ते सांगा. कितीतरी पेशंट तिथं भ्रमात जातात. बायकोला ओळखत नाहीत, नळ्या ओढतात, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, शिव्यासुद्धा देतात. घरच्यांना वाटतं, डोक्यावर परिणाम झाला. तो आजाराचा, औषधांचा, मोडलेल्या झोपेचा परिणाम असतो आणि बहुतेकांचा हळूहळू उतरतो. अशा वेळी वाद घालू नका. चष्मा, कानाचं मशीन सिस्टरला विचारून आत द्या. या साध्या वस्तूंनी माणूस ताळ्यावर येताना मी बघितलंय.

एक अवघड गोष्ट, हळदीकुंकवाला कुणी बोलत नाही अशी. कधी डॉक्टर विचारतात, पुढं कुठवर करायचं? तेव्हा भावाभावांत बाहेरच जुंपते, आणि बाबांना काय हवं होतं ते कुणालाच माहीत नसतं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये अशी इच्छा आधीच लिहून ठेवायला मान्यता दिली. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. लिहा किंवा नका लिहू, पण निदान घरात बोला. मी माझ्या दोन्ही लेकींना सांगून ठेवलंय. धाकटी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही!

आणि डिस्चार्ज झाला म्हणजे संपलं नाही. कितीक जणांना चार पायऱ्या चढायला महिने लागतात, रात्री दचकून उठतात. सोबत जागलेल्या बाईचंही तसंच होतं, फक्त तिला कुणी विचारत नाही. तेव्हा पहिल्या आठवड्यात हारतुरे घेऊन सगळे एकदम जाऊ नका. दोन महिन्यांनी जा, त्यांना धरून गेटपर्यंत फिरवून आणा, आणि तेवढा वेळ तिला जरा झोपू द्या.