सायंकाळी सातचा भोंगा

(वसाहतीतील पालक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या निमंत्रणपत्रिकेवर 'तरुण पिढी आणि मोबाइलचे संकट' असा विषय छापला आहे. विषय मला मान्य आहे. मात्र त्यातील 'तरुण पिढी' हे दोन शब्द भाषण संपल्यावर आपण स्वतःच्या हाताने खोडावेत, अशी माझी विनंती राहील. ती का, हे सांगण्यासाठी मी आपल्याला प्रथम एका गावात घेऊन जातो.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे तीन हजार. शेती आणि साखर कारखान्यातील रोजगार यांवर जगणारे, आपल्यापैकी अनेकांच्या मूळ गावासारखेच हे एक गाव. कोरोनाच्या टाळेबंदीत तेथील शाळाही बंद झाल्या आणि शिक्षणासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाइल आला. शाळा पुन्हा भरू लागल्या, पण मोबाइल हातातून सुटला नाही. मुलांना लिहिण्या-वाचण्याचा कंटाळा येतो, शाळेच्या आधी आणि नंतर ती पडद्यातच गढलेली असतात, ही गोष्ट प्रथम शिक्षकांच्या ध्यानात आली. अभ्यासाला स्वतंत्र खोली किती घरांत असणार? त्याच खोलीत दूरदर्शन संच, त्याच खोलीत वडीलधाऱ्यांचे मोबाइल!

सरपंच विजय मोहिते यांनी उपाय मांडला, तेव्हा पुरुष मंडळींनी शंका काढल्या. हे कसे जमायचे? जमवले ते महिलांनी. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास महिलांच्या ग्रामसभेत निर्णय झाला आणि भोंगा बसवण्यात आला. सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरून भोंगा वाजे आणि घरोघरचे मोबाइल व दूरदर्शन संच बंद होत. साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की मोकळीक. ही दीड तासाची वेळ अभ्यासाची, वाचनाची आणि एकमेकांशी बोलण्याची. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांना दारोदार फिरून लोकांना समजवावे लागले. पुढे आणखी काही गावांनी हा मार्ग धरला.

बंधू-भगिनींनो, या उपक्रमातील मर्म कोणते? तो भोंगा केवळ मुलांसाठी नव्हता. तो सर्वांसाठी होता.

देह काय सांगतो?

मोबाइलचा मुलांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. त्यातील काही भयंकर असते, काही निव्वळ ऐकीव असते. मी डॉक्टर नाही. म्हणून जे निश्चित आहे तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट झोपेची. तेरा ते अठरा वयाच्या मुलाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. अंधार पडला की आपल्या मेंदूत मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवू लागते आणि देहाला निजेची सूचना मिळते. डोळ्यांपाशी धरलेल्या पडद्याचा प्रकाश ही सूचना लांबवतो. त्याहून अधिक लांबवतो तो पडद्यावरचा मजकूर. कारण मन जागे असले की देह निजत नाही. सकाळी शाळेची वेळ मात्र बदलत नाही. रात्री गमावलेले दोन तास मग वर्गातील पेंगेत, चिडचिडीत आणि घसरलेल्या गुणांत दिसतात. तीस-बत्तीस वर्षे वर्गात उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, आपण ज्याला आळस म्हणतो, तो बऱ्याचदा अपुऱ्या झोपेचा परिणाम असतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. लहान वयात जवळचेच पाहणे फार आणि उघड्यावरचा वेळ फार थोडा, असे झाले की लघुदृष्टीचा, म्हणजे लांबचे अंधूक दिसण्याचा, धोका वाढतो. तैवानमध्ये हा दोष इतका पसरला की २०१० पासून तेथील शाळांनी मुलांना रोज दोन तास उघड्यावर घालवण्यास प्रवृत्त करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. औषध कोणते? तर मैदान आणि सूर्यप्रकाश! आपल्या वसाहतीच्या मैदानावर आज काय उभे आहे, ते आपण खिडकीतून पाहू शकता. चारचाकी वाहने उभी आहेत.

तिसरी गोष्ट मनाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, खेळावरचा ताबा सुटणे ही स्वतंत्र व्याधी म्हणून नोंदली गेली आहे. तथापि, मूल तासभर खेळले म्हणून ते व्याधिग्रस्त ठरत नाही. खेळापुढे अभ्यास, मैत्री, जेवणखाण सारे मागे पडते, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही आणि साधारणतः वर्षभर हेच चालू राहते, तेव्हा तज्ज्ञ हे निदान करतात. अशी स्थिती असेल, तर रागावण्याने काही साधणार नाही. बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेत अशा व्यसनमुक्तीसाठी २०१४ पासून स्वतंत्र चिकित्सालय चालू झाले. वैद्यकीय साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये.

समाजमाध्यमांमुळेच नैराश्य येते का, यावर जगभरच्या संशोधकांत मतभेद आहेत. काहींना परिणाम मोठा दिसतो, काहींना अगदी अल्प. तेव्हा मुलाच्या प्रत्येक दुःखाचे खापर मोबाइलवर फोडून आपण मोकळे होऊ नये. कधी कधी मूल दुःखी असते म्हणून पडद्यात शिरते. ते दुःख काय आहे, हे विचारायला घरात कोणी रिकामे आहे का, हा खरा प्रश्न आहे.

इच्छाशक्तीची विषम लढाई

"आमच्या वेळी आम्ही संयम पाळत होतो," असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु आपल्या वेळी संयमाविरुद्ध कोण उभे होते? पुस्तकाचे प्रकरण संपत असे, चित्रपट संपत असे, रात्री दूरदर्शनचे प्रसारणही संपत असे. प्रत्येक गोष्टीला शेवट होता आणि त्या शेवटापाशी माणूस उठत असे. २००६ साली अझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने पडद्यावरील मजकूर खाली सरकवत राहिले तरी तो संपूच नये, अशी रचना तयार केली. पुढे त्यांनीच तिच्या परिणामांविषयी जाहीर खेद व्यक्त केला. आज रील पाहणाऱ्या मुलाला शेवट भेटतच नाही. पुढचे चित्र कंटाळवाणे असेल की मजेदार, हे ठाऊक नसते आणि त्या अनिश्चिततेतच ओढ असते. जुगाराच्या अड्ड्यावर माणूस ज्या आशेने बसून राहतो, तीच ही आशा. पलीकडे हजारो कुशल अभियंते आणि अलीकडे चौदा वर्षांचे पोर! या लढाईत पोर हरले तर तो केवळ त्याच्या चारित्र्याचा दोष कसा मानावा?

म्हणून कायद्याला स्थान आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास प्रतिबंध केला. पण कायदा कंपनीच्या दारापर्यंत जातो. आपल्या स्वयंपाकघरात तो येत नाही, आणि येऊही नये.

बंदी की सहभाग?

यवतमाळ जिल्ह्यातील बान्शी या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला. त्यामागची तळमळ मी जाणतो. परंतु बंदीचा भार प्रथम कोणावर पडतो? २०२३ च्या 'असर' अहवालात देशाच्या ग्रामीण भागातील चौदा ते अठरा वयोगटाची पाहणी आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के होते. घरात बंदी येते तेव्हा मुलगा तो चोरून मिळवतो आणि मुलगी मात्र अभ्यासाच्या व्हिडिओलाही मुकते. त्याच फोनवर स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या हातचे साधन काढून घेणे हे संस्कार नव्हेत.

बान्शीने नियम मुलांना लावला, वडगावने तो थोरामोठ्यांसह साऱ्या गावाला लावला. मला वडगावचा मार्ग अधिक मोलाचा वाटतो. कारण मूल उपदेश ऐकत नाही. मूल घर पाहते.

माझ्या घरची गोष्ट

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. माझा नातू नववीत होता. एका रात्री दीडच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर त्याच्या पांघरुणाखाली उजेड. मी संतापलो. फोन काढून घेतला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी जेवताना त्याने शांतपणे विचारले, "आजोबा, तुम्ही दिवसभरात किती वेळ बघता, ते फोनमध्येच लिहिलेलं असतं. दाखवू का?" नाही म्हणण्याची सोय नव्हती. त्याने पाहून आकडा वाचला : तीन तास दहा मिनिटे. सकाळचे सुविचार, चर्चेचे कार्यक्रम आणि कोणाकोणाचे पुढे ढकललेले संदेश यांत निवृत्त मुख्याध्यापकाचे तीन तास दहा मिनिटे! माझ्या मुलाचा आणि सुनेचा आकडाही फार वेगळा नव्हता. चार माणसे, चार पडदे, आणि गुन्हेगार ठरवला होता त्यांतल्या सर्वांत लहानाला.

मी कपाटाचे कुलूप काढले. त्या दिवसापासून रात्री आठ ते साडेनऊ चारही फोन दाराजवळच्या फडताळात ठेवायचे ठरले. पहिला आठवडा अवघड गेला. काय बोलावे, हेच कोणाला सुचेना. मग माळ्यावरून कॅरम खाली आला. सूनबाईंच्या कार्यालयातून कधी दूरध्वनी येई, कधी क्रिकेटचा सामना असे आणि नियम मोडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होई. चमत्कार घडला नाही. नातवाचे गुण एकदम वाढले नाहीत. पण साधारण महिन्याभराने, कॅरमच्या सोंगट्या लावता लावता, मान खाली घालून त्याने सांगितले की, शाळेच्या मुलांच्या समूहात त्याच्या जाडेपणावर चित्रे करून फिरवली जात होती आणि रात्री तो तेच पुन्हा पुन्हा पाहत असे. पांघरुणाखालच्या उजेडात तो खेळत नव्हता, बंधूंनो. तो एकटा सोसत होता. फोन कुलपात ठेवून मी तीन दिवस समाधानात होतो, आणि हे मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील त्याच्यासह शाळेत जाऊन वर्गशिक्षिकांना भेटले. पुढची वाट सोपी नव्हती, पण तो त्या वाटेवर एकटा नव्हता.

आपण काय करू शकतो?

दिवेलागणीची वेळ आपल्या घरांत कधी काळी सर्वांची होती. हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणायचे, परवचा म्हणायचा, मग एका पंगतीत जेवायचे. त्या वेळी घड्याळ कोणी लावत नसे. सारी आळीच ती वेळ पाळत असे. एका घराने नियम केला तर मूल म्हणते, "बाकी कोणाकडे असं नाही." साऱ्या इमारतीने केला, तर ते तक्रार घेऊन जाणार कोणाकडे? ते खाली मैदानात जाईल.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, रात्री निजताना फोन निजायच्या खोलीत नको, आजोबांचाही नको. गजराचे घड्याळ आजही बाजारात मिळते. दुसरी, आठवड्यातून तीन सायंकाळी वसाहतीच्या मैदानातून वाहने बाहेर काढावीत आणि जागा मुलांना द्यावी. तिसरी, रोज एक तास सर्व घरांनी एकत्र ठरवून पडदे बंद ठेवावेत. त्या तासात मुलाला गुणांविषयी काही विचारू नये. नुसते जवळ बसावे. बोलायचे तेव्हा ते बोलेल.

अध्यक्ष महोदय, आपल्या वसाहतीत भोंगा नाही. परंतु वाचनालयाच्या दाराशी पूर्वीची पितळी घंटा अजून टांगलेली आहे. येत्या सोमवारपासून सायंकाळी सात वाजता ती वाजवण्याचे काम मी स्वतःकडे घेतो. आपल्यापैकी किती घरे साथ देणार, त्यांनी जाण्यापूर्वी बाहेरच्या वहीत नाव लिहावे. आणि निमंत्रणपत्रिकेवरचे ते दोन शब्द खोडायला विसरू नये.