मोबाइलवरचे खेळ : पहिले अवजार कोणते निवडावे?

खेड्यातल्या मुलाच्या हातात हल्ली मोबाइल आला आहे, ही गोष्ट नव्याने सांगावयास नको. तो त्यावर सदा खेळत बसतो, ही आपणा पालकांची आणि शिक्षकांची नेहमीची तक्रार. परंतु त्यांतलाच एखादा मुलगा, किंवा एखादी मुलगी, तुमच्याकडे येऊन विचारते, "सर, असा खेळ मला स्वतःला करता येईल का?" अशा वेळी तक्रार बाजूला ठेवून उत्तर देणे भाग आहे, आणि ते जपून दिले पाहिजे. का, ते माझ्याच चुकीवरून सांगतो.

मी महाविद्यालयात गणित शिकवतो. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आला. घरी थोडी कोरडवाहू जमीन. चुलत्याने वापरून झालेला लॅपटॉप, त्यात 4 जीबी रॅम. सर्वांच्या तोंडी असलेल्या एका मोठ्या इंजिनाचे नाव मी त्याला सांगितले आणि मोकळा झालो. बिचाऱ्याने फोनचे नेट जोडून तीन रात्रींत ते उतरवून घेतले. उघडायलाच पाव तास लागे, आणि उघडले की लॅपटॉप गपगार. महिन्याभराने तो म्हणाला, "सर, हे आपल्याला जमायचं नाही. आपलं डोकंच तेवढं नाही." डोके त्याचे कमी नव्हते, सल्ला माझा चुकला होता. दोन गुंठ्यांच्या वाफ्यात मी त्याला ट्रॅक्टर घालावयास सांगितला होता.

आता हे इंजिन म्हणजे काय? एक साधा खेळ घ्या. वरून आंबे पडताहेत, खाली टोपली आहे, बोटाने टोपली सरकवायची आणि आंबा झेलायचा. दिसायला पोरखेळ. पण फोनला काय काय करावे लागते पाहा. सेकंदाला साधारण 60 वेळा सगळे चित्र नव्याने काढायचे. दर वेळी आंबा थोडा खाली आणायचा. बोट कुठे आहे ते पाहायचे. आंबा टोपलीला लागला की नाही ते तपासायचे. लागला तर गुण वाढवायचा, आवाज करायचा. हे सगळे मुळापासून लिहावयाचे तर वर्ष जाईल. ही कामे आधीच तयार करून ठेवलेले अवजार म्हणजे गेम इंजिन. नाटकाला रंगमंच, पडदा आणि दिवे आयते मिळावेत, तसे. नाटक मात्र तुमचे तुम्हालाच लिहावे लागते.

अशी इंजिने पुष्कळ आहेत. त्यांतले निवडताना पाच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : आपल्याजवळच्या यंत्रावर ते चालते का? हा प्रश्न मी विचारला नाही, तिथेच फसलो. अनरियल नावाचे इंजिन मोठ्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळांसाठी नावाजलेले आहे. पण त्याला दणकट संगणक लागतो. नवशिक्याने त्या वाटेला प्रथम जाऊ नये. उलट गोडो हे इंजिन अगदी आटोपशीर आहे. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्सूर यांनी ते घडवले आणि 2014 साली सर्वांसाठी खुले केले. त्याचा मुख्य भाग लहानसा आहे आणि जुन्या संगणकावरही बहुधा चालतो. मात्र एक ध्यानात ठेवा : तयार खेळ अँड्रॉइड फोनवर न्यायचा तर त्याचे वेगळे साचे आणि अँड्रॉइडची साधने उतरवून घ्यावी लागतात, आणि ती चांगलीच जड असतात. ते काम शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या नेटवर एकदाच उरकून घ्यावे.

दुसरा प्रश्न : ते कोणत्या रीतीने शिकावे लागते? पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी स्क्रॅच उत्तम. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने 2007 साली ते लोकांपुढे आणले. यात लिहावयाचे काही नाही. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे. एकदा संगणकात घातले की नेटवाचूनही चालते. त्यातून दुकानात ठेवण्याजोगे ॲप थेट निघत नाही हे खरे, पण "असे झाले तर तसे कर" हा विचार मुलाच्या अंगी मुरतो, आणि तोच पाया आहे. त्यापुढची पायरी जीडेव्हलप. त्यात डाव्या बाजूला अट, उजव्या बाजूला कृती. "आंबा टोपलीला लागला" ही अट. "गुणात एक मिळवा" ही कृती. यातून फोनवरचा खेळ निघतो. नववीच्या पुढे, थोडे लिहून पाहण्याची हौस असेल तर, गोडो. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथॉनसारखी, सुटसुटीत आहे.

तिसरा प्रश्न : परवाना काय म्हणतो? फुकट मिळाले म्हणून आपले झाले असे नव्हे. युनिटी हे फार मोठे इंजिन; पोकेमॉन गो हा खेळ त्यावरच झाला. सप्टेंबर 2023 मध्ये त्या कंपनीने जाहीर केले की, एका मर्यादेपुढे खेळ जितक्या वेळा उतरवला जाईल तितका आकार द्यावा लागेल. जगभर ओरड झाली, अटी सौम्य कराव्या लागल्या, आणि सप्टेंबर 2024 मध्ये तो आकार रद्दच झाला. लहान कमाईच्या माणसाला युनिटी आजही विनामूल्य आहे, त्याचे धडेही विपुल आहेत, आणि पुढे नोकरी करावयाची तर ते शिकावेच. पण दुसऱ्याच्या विहिरीवर मळा करताना पाण्याचा करार वाचून घ्यावा, एवढे त्यातून शिकायचे. गोडोचा परवाना मोकळा आहे. खेळातून लाख मिळोत की कोटी, ते वाटा मागत नाहीत. परवान्याचा मजकूर खेळासोबत ठेवावा, एवढीच अट.

चौथा प्रश्न आपल्या मराठीचा. मराठी शाळेसाठी खेळ करायचा आणि पडद्यावर "विद्यार्थी" हा शब्द मोडकातोडका उमटला, तर काय उपयोग? देवनागरीतली जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट बसवणे हे निराळे कसब आहे, आणि ते प्रत्येक इंजिनाला साधत नाही. गोडोच्या जुन्या आवृत्त्यांत हीच अडचण होती. 2023 साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ती दूर झाली. तेव्हा इंजिन घेतल्याबरोबर पहिल्याच दिवशी "ज्ञानेश्वर" आणि "विद्यार्थी" हे दोन शब्द लिहून पाहा. मगच पुढे जा.

पाचवा प्रश्न : खेळ लोकांपर्यंत जाणार कसा? गूगलच्या दुकानात खाते उघडण्यास एकदाच 25 डॉलर पडतात. नवीन वैयक्तिक खाते असेल तर आधी 12 जणांनी सलग 14 दिवस खेळ तपासून पाहावा लागतो. वर्गातली मुले आणि त्यांचे पालक मिळून बारा माणसे सहज होतील. आयफोनसाठी मात्र वर्षाला 99 डॉलर आणि वर ॲपलचा संगणक लागतो. तो विचार आज सोडून द्या.

इंजिन ठरले, तरी पहिला खेळ लहानच हवा. व्हिएतनामच्या डाँग न्गुयेन याने 2013 साली फ्लॅपी बर्ड नावाचा खेळ एकट्याने केला. एक पक्षी, काही नळ, आणि बोटाचा एक स्पर्श. एवढ्यावर तो जगभर खेळला गेला. प्रत्येकाला असे यश मिळेल असे मी म्हणत नाही. पुरा झालेला लहान खेळ हा अर्धवट पडलेल्या मोठ्या खेळापेक्षा अधिक शिकवतो, एवढेच माझे म्हणणे. पंधरा दिवसांत संपेल असेच काम मुलाला द्या.

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले? मी त्याची माफी मागितली आणि त्याच लॅपटॉपवर दोघांनी गोडो उघडले. अर्ध्या मिनिटात ते सुरू झाले, तेव्हा तो माझ्याकडे नुसता पाहतच राहिला. तीन आठवड्यांत त्याने आंबे झेलण्याचा खेळ पुरा केला. सातवीतल्या धाकट्या बहिणीने तो खेळून पाहिला आणि म्हणाली, "दादा, आंबा टोपलीच्या काठाला लागतो, तरी गुण मिळत नाही." त्याच रात्री त्याने ती चूक शोधून दुरुस्त केली. "जमायचं नाही" हे शब्द पुन्हा त्याच्या तोंडून मी ऐकले नाहीत.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याकडे असा प्रश्न आला, तर सर्वांत मोठ्या अवजाराचे नाव सांगण्याची घाई करू नका. आधी विचारा : "बाळ, तुझ्याजवळ काय आहे?" आणि तिथून सुरुवात करा.