स्वागताध्यक्षांचे भाषण : एक देह, दोन दप्तरे

अध्यक्षमहाराज, देशोदेशींहून आलेले तज्ज्ञ, गावोगावी रुग्णांच्या दारी जाणारे आरोग्यसेवक, आणि क्षय व एच.आय.व्ही. यांच्याशी स्वतः झुंजून आज इतरांना धीर देणाऱ्या बंधुभगिनींनो,

स्वागतसमितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे या मिरज नगरीत मनःपूर्वक स्वागत करतो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून कृष्णाकाठच्या आणि पलीकडील कर्नाटकाच्या मुलखातील व्याधिग्रस्त माणसे येथील रेल्वे स्थानकावर आशेने उतरत आली. आणि क्षयावर मोकळी हवा, सकस अन्न व विश्रांती यांवाचून इलाज नव्हता, त्या काळात वानलेसवाडीच्या आरोग्यधामाने अनेकांना आसरा दिला. या गावाची दुसरी कीर्ती तंबोऱ्यांची. गवयाच्या मागे तंबोऱ्यांची जोडी असते; प्रत्येक तंबोरा आपल्यापुरता उत्तम लागलेला असला, तरी दोन्ही एकमेकांशी मिळाले नाहीत तर गाणाऱ्याचा सूर ठरत नाही. आपल्या परिषदेचा विषय, म्हणजे क्षय आणि एच.आय.व्ही. यांच्या उपचारांचा समन्वय, मला याहून वेगळा वाटत नाही.

क्षयाचे जंतू देहात सुप्त असलेल्या, एरवी निरोगी माणसाला उभ्या आयुष्यात क्षय होण्याची शक्यता शेकडा ५ ते १० असते; पण एच.आय.व्ही.ने ज्याची प्रतिकारशक्ती पोखरली आहे त्याच्यावर, उपचार नसल्यास, जवळजवळ तेवढेच संकट एकेका वर्षात ओढवते. शिवाय अशा रोग्याच्या थुंकीत जंतू पुष्कळदा इतके विरळ असतात, की सूक्ष्मदर्शकाखाली ते सापडत नाहीत आणि निदानावाचून दिवस निघून जातात. देहात या दोन व्याधींनी असा निकट संबंध जोडला असताना, आपल्या कारभारात मात्र त्यांची खाती निराळी, अंदाजपत्रके निराळी आणि नोंदवह्याही निराळ्या राहिल्या. यात कोणाची कुचराई नव्हती. क्षयाच्या खात्याला रोज डोळ्यांसमोर गोळी गिळवायची होती, तर एच.आय.व्ही.च्या खात्याला रोग्याची अब्रू जपायची होती. परंतु दोन्ही खिडक्यांपुढे उभा राहणारा माणूस एकच होता.

या विभक्तपणाची किंमत दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतातील टुगेला फेरी या खेड्याने मोजली. बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे ५३ रोगी तेथे आढळल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ज्या ४४ जणांची एच.आय.व्ही. तपासणी झाली होती ते सर्व बाधित निघाले, आणि ५३ पैकी ५२ दगावले. निम्म्याहून अधिकांनी पूर्वी क्षयाचे औषध कधी घेतलेच नव्हते, आणि लागण रुग्णालयाच्या भिंतींआडही पसरल्याची चिन्हे होती. तेव्हा समन्वय म्हणजे खोकणाऱ्याला आणि क्षीणबलाला एका कोंदट दालनात एका बाकावर बसवणे नव्हे. उघड्या खिडक्या आणि खोकणाऱ्याची आधी तपासणी, हाही समन्वयाचाच भाग आहे.

त्याच प्रांतातील दरबानमध्ये डॉ. सलीम अब्दुल करीम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की क्षयाचा उपचार संपण्याची वाट न पाहता तो चालू असतानाच एच.आय.व्ही.ची औषधे दिल्यास मृत्यूंचे प्रमाण शेकडा ५६ ने घटते. औषधे बहुतांशी तीच होती; बदलला होता तो त्यांचा मेळ. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये संयुक्त कार्याचे धोरण आखले आणि आपल्या देशात त्याच वर्षी एच.आय.व्ही.ची औषधे मोफत मिळू लागली. क्षयाच्या प्रत्येक रोग्याची एच.आय.व्ही. तपासणी व्हावी, आणि एच.आय.व्ही.बाधिताला प्रत्येक भेटीत खोकला, ताप, रात्रीचा घाम व वजनातील घट यांविषयी विचारावे, हे आता सर्वमान्य आहे.

प्रश्न अंमलबजावणीचा आहे. क्षयावरचे रिफॅम्पिसिन चालू असता डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध दिवसातून एकदा पुरत नाही, दोनदा द्यावे लागते. पण रिफॅम्पिसिनची नोंद ज्या दप्तरात आहे ते दुसऱ्या इमारतीत कुलूपबंद असेल, तर उत्तम वैद्यही अंधारातच औषध लिहितो. एका खिडकीवरून चिठ्ठी घेऊन निघालेला मजूर रोज बुडेल म्हणून किंवा कोणी ओळखेल म्हणून दुसऱ्या खिडकीपर्यंत पोहोचत नाही, आणि दोन्ही दप्तरांत आपापले काम पुरे झाल्याची नोंद राहते. म्हणून माझी आपणास नम्र विनंती आहे, की दर महिन्याला दोन्ही नोंदवह्यांची रुजुवात कोणी घालावी आणि वाटेत हरवलेल्या माणसाचा शोध कोणी घ्यावा, हे आपण हुद्द्यानिशी ठरवावे. सर्वांवर टाकलेली जबाबदारी बहुधा कोणाचीच राहत नाही.

आमच्या व्यवस्थेत न्यून राहिले असल्यास आपण ते उदार मनाने पुरे करून घ्यावे. मैफल सुरू होण्यापूर्वी तंबोरे जुळवण्यास जो वेळ लागतो, तो कोणताही जाणता गवई वाया गेला असे मानीत नाही; येत्या दिवसांत आपण तो वेळ निःसंकोच घ्यावा, एवढे विनवून मी पुन्हा एकवार आपले स्वागत करतो.