अचल चित्रे चालतात कशी?



संगणकावर चित्रे रंगविणे हा पोरखेळ. त्यावर वसंत व्याख्यानमालेत काय बोलावयाचे, असे काहींच्या मनात आले असेल. पण आपला चित्रपट उभा राहिला त्याच्या मुळाशीही असाच एक खेळ आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, पण भांडवलाची पंचाईत होती. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा रोखून ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. कोंब फुटून वेल वाढला, तो पडद्यावर पाहता पाहता! ही ‘अंकुराची वाढ’ दाखविली तेव्हा कुठे पैसे देणारा भेटला. पुढे १९१५ साली त्यांनी आगकाड्या किंचित किंचित सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ केली.

गुपित एवढेच, की हालचाल कोणत्याही एका चित्रात नसते. ती दोन चित्रांमधल्या फरकात असते.

गेल्या दिवाळीत मी आणि माझा पुतण्या ‘पेंट’मध्ये ज्वारीचे रोप वाढवावयास बसलो. सेकंदाला १२ चित्रे धरली, तर १० सेकंदांना १२० झाली! दर वेळी नवे चित्र काढू नये. आधीचेच ‘सेव्ह ॲज’ करून नव्या नावाने ठेवावे आणि त्यात एखादे पान तेवढे लांबवावे. नावे ००१, ००२ अशी द्यावीत. नाहीतर चित्रे जोडणारे काही प्रोग्राम १ च्या मागोमाग १० घेतात आणि रोप वाढून पुन्हा खुजे होते.

एवढे शहाणपण सांगणारा मीच चाळिसाव्या चित्रानंतर नवे नाव द्यावयास विसरलो. पुढची वीस चित्रे एकाच चित्रावर चढली आणि पुसली गेली. पोर रडकुंडीला आले. मी म्हटले, पुन्हा काढू. तो म्हणाला, “नको काका, पाऊस पाडू.” त्याने आभाळ काळे केले, सरींची तीनच चित्रे काढली आणि तीच आळीपाळीने लावली. पाऊस थांबला तेव्हा ज्वारी निसवलेली!

माझे थोरले बंधू जन्मभर कोरडवाहू शेती केलेले. त्यांनी ते दोनदा पाहिले आणि म्हणाले, “बरं झालं. इथं तरी येळेवर पडला.”